तिसरा ठोका

मिस्त्री दिवसाचे आठ तास उकिडवा बसायचा आणि हे मोठ्या तोऱ्यात सांगायचा. तीस वर्षं फरशी बसवली होती त्यानं. खुर्चीवर बसला की अवघडून जायचा, घरी जेवायलासुद्धा उकिडवाच. बायको म्हणायची, "माणसाशी लग्न केलंय का बेडकाशी, अजून कळलेलं नाही मला."

पण आठ महिन्यांपूर्वी उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी नुसती चमक यायची, मग मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कोणी तार ओढतंय असं वाटायला लागलं. बसताना एक वेळ चालायचं, उठताना मात्र जीव जायचा. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय फिरवून पाहिला आणि सरळच सांगितलं, "आतला स्नायू दुखावलाय. सहा आठवडे उकिडवं बसणं बंद. शेक घ्या, कामच करायचं असेल तर बुटक्या स्टुलावर बसून करा, आणि कळ आली की थांबा." मिस्त्रीनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकिडवा! घरी सांगितलं, "काही नाही, गॅस आहे म्हणाली." आता जांघेत कसला आलाय गॅस? पण त्याच्या हट्टापुढे बायकोनं केव्हाच हात टेकले होते.

हट्ट कसला, भीती होती ती. वडिलांनाही हेच झालं होतं. तेही मिस्त्रीच, हाच पाय आणि हीच जांघ. फरशी बसवली की हातोडीच्या दांड्यानं तीनदा ठोकायचं, दोन ठोके सलग, मग जरा थांबून, खाली वाकून, कान देऊन तिसरा, ही रीत त्यांचीच. आवाज भरीव आला तर फरशी नीट बसली. पोकळ आला तर उचला, खाली सिमेंटचा माल भरा आणि परत बसवा.

बावीस वर्षांपूर्वी एका रिकाम्या इमारतीत बाप खालच्या मजल्यावर काम करत होता आणि मिस्त्री वरच्या. दिवसभर खालून टक टक... टक येत होतं. मिस्त्री मनात म्हणाला, म्हातारा आज भलताच जोरात आहे. दुपारी जेवायला हाक मारावी असं वाटलंही, पण टकटक चालू होती, म्हटलं कशाला मोडता घाला. संध्याकाळी खाली उतरला तर बाप कोपऱ्यात आडवा! सकाळीच जांघ धरली होती, उठता येईना, ओरडायची लाज वाटली. बिचारा दिवसभर ठोकून ठोकून मुलाला बोलावत होता. पुढे ते कामावर गेलेच नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटानं तीन-तीनदा ठोकत दोन वर्षांनी गेले. हे मिस्त्रीनं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

आता कामाला त्याच्याबरोबर मुलगी यायची. फरशांचे सांधे भरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तोंड तर बापाच्या वरताण. त्या सकाळी नव्या इमारतीत ते दोघंच होते. दुसऱ्या मजल्यावर बाहेरच्या खोलीत मिस्त्री फरशी बसवत होता, मुलगी अगदी आतल्या खोलीत सांधे भरत होती. खालच्या मजल्यावर अजून फरशी आलीच नव्हती, नुसतं उघडं काँक्रीट.

शेवटची फरशी बसवून मिस्त्री उठायला गेला आणि जांघेत अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तो कुशीवर कोसळला. पाय हलेना. हाक मारायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मुलीला काय सांगणार, आठ महिने खोटं बोलत होतो म्हणून? हातातली हातोडी आपोआप फरशीवर वाजली. टक टक... टक. कोणी आलं नाही. त्यानं पुन्हा ठोकलं.

आतून मुलगी ओरडली, "झकास, बाबा! एकदम भरीव!"

त्यानं हातोडी भिरकावून दिली. ती पार दाराशी जाऊन पडली.

टकटक थांबली नाही.

खालून येत होती. दोन ठोके सलग, मग वाकून कान द्यायला लागावा तेवढा वेळ, मग तिसरा. उघड्या काँक्रीटवर असा आवाज येत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. नीट बसलेल्या फरशीचाच आवाज होता तो.

"अगं ए! पोरी! धाव!"

मुलगी धावत आली. "अगं बाई! बाबा, काय झालं?"

"जांघ धरलीय. उठता येत नाही. आठ महिने दुखतंय गं, खोटं बोललो मी तुमच्याशी." आणि तीस वर्षांचा तोरा बाजूला ठेवून तो ढसाढसा रडला.

तिनं त्याच्या काखेत हात घातला आणि तशीच थबकली. दाराशी पडलेल्या हातोडीकडे तिनं पाहिलं. "बाबा, मग हे कोण ठोकतंय?"

"मला राहू दे. तू आधी खाली जा."

"खाली कोणी नाहीये, बाबा. फरशीसुद्धा नाही तिथं."

"माहितीये मला. तरी जा."

तिच्या पायांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. ती खाली पोचली आणि टकटक थांबली.

"बाबा, इथं कोणीच नाही!" खालून हाक आली.

मिस्त्री गार फरशीवर गाल टेकून पडला होता. "असू दे," तो ओरडला. "थोडा वेळ बस तिथं. आणि म्हणावं, आज ऐकू आलं."

मग मुलगी हळूच काहीतरी बोलली आणि खाली बसली.