पाच माणसांचं वजन

चौफुल्याच्या महबूब तांबोळीच्या तोंडून ‘चालंल’ हा शब्द काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. काम झालेलं असतं, गिऱ्हाईक चावी फिरवत उभं असतं, तरी हा बाबा गाडीभोवती दोन चकरा मारणार, गुडघे टेकून खाली बघणार आणि "चालंल का भाई?" असं विचारलं की म्हणणार, "बघा चालवून." पुण्याकडून सोलापूरला जाताना न्हावऱ्याचा फाटा फुटतो तिथं त्याचं पत्र्याचं शेड आहे. टायर, अलाइनमेंट, सस्पेन्शन. पंचवीस वर्षं एकाच जागी. माणूस तुसडा नाही, घुमाही नाही. क्रिकेटवर बोलायला लागला तर हातातला पाना खाली ठेवतो. फक्त तो एक शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा चुना. आजोबा यवतच्या बाजारात पानं विकायचे, त्यांची पितळी चुन्याची डबी महबूबकडे आली. आता गिऱ्हाइकाला चुना लावणारे मेकॅनिक गल्लोगल्ली सापडतात, पण गाडीला चुना लावणारा हा एकटाच. टायर मडगार्डला घासतोय अशी तक्रार आली की तो ओला चुना बोटावर घेऊन मडगार्डच्या कडेला फासतो, गाडीत पाच माणसं बसवतो आणि न्हावरा रस्त्याच्या दोन गतिरोधकांवरून फिरवून आणतो. चुना जिथं पुसला, तिथं घासतंय. रिकामी गाडी तो तपासतच नाही. पोती टाका म्हटलं तर म्हणतो, "पोतं गप बसतं. माणूस वळणाला कलतो."

या पाच माणसांत एक ठरलेली, कुशाबाई. शेडच्या कोपऱ्यात तिची चहाची टपरी. अंगानं थोराड, साठीची. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून ती मागच्या सीटवर डावीकडे बसते आणि पाय आडवा टाकते. टपरीची जागा महबूबनंच दिली, वीजही त्याचीच. बारा वर्षांत भाड्याचा विषय निघाला नाही. कुशाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "सख्खा भाऊ करायचा न्हाई एवढं केलं या माणसानं." तिनं असं म्हटलं की महबूब उठून आत जातो.

का जातो ते त्याला ठाऊक आणि त्याच्या बायकोला, बेगमला. चौदा वर्षांपूर्वी एका वडापवाल्यानं त्याच्याकडून आपल्या प्रवासी जीपला रुंद टायर बसवून घेतले होते. ऐट म्हणून. टायर घासायला लागले. महबूबनं छन्नीनं मडगार्ड थोडं कापलं, रिकामी जीप चौकातून फिरवून आणली आणि म्हणाला, "चालंल." दुसऱ्या दिवशी तेरा माणसं भरलेली ती जीप कासुर्डीच्या पुढं टायर फुटून उलटली. जीव कुणाचा गेला नाही, पण एका बाईचा पाय गेल्यात जमा झाला. दोन वर्षांनी तीच बाई टपरीला जागा विचारत शेडच्या दारात उभी राहिली. तिला जीप कुणी दुरुस्त केली होती हे माहीत नव्हतं. बेगम दर रमजानला म्हणायची, "सांगून टाका हो त्यांना." महबूब म्हणायचा, "सांगतो." बारा रमजान झाले.

फेब्रुवारीतला लग्नाचा दिवस होता. सकाळी दहाला पाटसच्या हौसराव आबांचा पोरगा स्वराज पांढरी गाडी घेऊन आला. आबा म्हणजे पंचक्रोशीतलं वजनदार प्रस्थ, सोसायटी असो की कारखान्याची निवडणूक, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पोरगा पंचवीसचा. गाडीच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून त्यानं ती जमिनीला टेकवली होती आणि खाली अठरा इंची चाकं घातली होती. आता गाडी खाली आणायची आणि चाकं मोठी करायची, म्हणजे छप्पर उतरवून घरात उंट बांधण्याचा प्रकार. पण हौसेला मोल नसतं, म्हणतात. बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या, मागच्या काचेवर ‘सुलक्षणा वेड्स’ असं लिहून पुढं नवऱ्याचं नाव.

"चाचा, माणसं बसली की मागनं खर्र वाजतंय," स्वराज म्हणाला. "साडेबाराचा मुहूर्त हाय, चारला पाठवणी. ताई याच गाडीतनं शिरूरला जाणार. जरा घासून द्या, पण उंची बोटभर बी वाढवायची न्हाई. फोटोग्राफर लावलाय."

"मागं कोण बसणार?"

"ताई, भावजी, करवली. पुढं मी आन् मामा."

"ताई कुठल्या बाजूला?"

"डाव्या. हे काय इचारणं झालं?"

महबूब गाडीकडं वळला. कामाला लागला. हीट गननं मडगार्डची कड तापवली, रंग तडकू नये म्हणून. मग कुऱ्हाडीचा बाभळीचा दांडा टायर आणि कडेच्या फटीत घातला आणि इम्रानला गाडी हळू पुढं-मागं ढकलायला लावली. इम्रान शेजारचा पंक्चरवाला, चार पोरांचा बाप. दांडा कडेवरून लाटण्यासारखा फिरत गेला तशी कड आत वळत गेली. आतलं प्लास्टिकचं अस्तर गरम करून वर दाबलं. दीड तास गेला. स्वराज दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि दर दहा मिनिटांनी फोनवर "निघालोच" म्हणत होता.

चारी कडांना चुना लागला. कुशाबाई डावीकडे बसली, पाय आडवा टाकला. तिच्याशेजारी चौकातले हारवाले दोघे भाऊ, पुढं इम्रान. पाचवा स्वराज, गाडी चालवायला. महबूब न्हावरा रस्त्याच्या कडेनं चालत गेला आणि गतिरोधकापाशी कान देऊन उभा राहिला. उसाची ट्रॉली गेली, मग गाडी आली. पहिल्या गतिरोधकावर काही नाही. दुसऱ्यावर डावीकडून हलकं ‘खस्’ झालं.

परत आल्यावर स्वराज आधी खाली वाकला. "चुना शाबूत हाय चाचा. चारी बाजूंनी. झालं काम."

खरंच शाबूत होता. महबूबनं चारदा बघितलं.

"आवाज आला," तो म्हणाला.

"खडा असंल."

"खडा असा वाजत न्हाई."

"तुमचीच परीक्षा आन् तुमचाच पेपर, चाचा. पास झाली तरी तुम्ही नापास करणार व्हय?"

महबूबनं जॅक लावला. स्वराजनं कपाळाला हात लावला. डावं मागचं चाक उतरलं, आडवं केलं, आणि महबूब त्याच्यावर वाकला तो वाकलेलाच राहिला. सगळं जग बाहेरच्या कडेवर नजर ठेवून होतं, तोही. घासत होतं आतून. गाडी दबली की चाकाची आतली बाजू आतल्या पत्र्याच्या पट्टीला लागत होती. टायरला आतल्या बाजूनं गोल खोल चर पडला होता आणि त्यात रबराखालचे पांढरे धागे उघडे पडले होते. उजव्या चाकालाही तेच, जरा कमी. महबूब घाबरला, अगदी सरळ घाबरला. चुना शाबूत बघून गाडी सोडली असती तर?

"ही चाकं जाणार न्हाईत," तो म्हणाला.

"चाचा, बारा वाजल्यात."

"जुनी चाकं कुठं हायत?"

"घरी, कोठीत. पंधरा इंची. ती लावून नेऊ? लोकं हसतील मला." स्वराजचा आवाज चढला. "पन्नास किलोमीटर जायचंय निस्तं. हळू नेतो. लावा ते चाक."

महबूब चाकावर हात ठेवून बसून राहिला. स्वराजनं फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि स्पीकर चालू करून फोन महबूबच्या पुढं धरला. मागून सनईचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"महबूबभाई," हौसराव आबा म्हणाले, "मांडव भरलाय. पोरगं नवरीचा भाऊ हाय, त्याला हितं उभं राह्यचंय. मला गाडीतलं काय कळत न्हाई. तुम्ही निस्तं चालंल म्हणा, मी निर्धास्त होतो."

कुशाबाई चहाचे ग्लास घेऊन आली होती आणि ट्रे धरून तिथंच थांबली होती. महबूबनं तिच्याकडं बघितलं. मग चाकाकडं. ‘टायर खराब आहे’ एवढं म्हणून भागलं असतं का? आबांनी "हळू आणा" म्हटलं असतं, पोरगं चाक चढवून गेलं असतं. लग्नघरात नकाराला वजन लागतं, आणि महबूबकडं वजनदार अशी एकच गोष्ट होती.

"न्हाई चालणार, आबा," तो म्हणाला. "चौदा वर्सांपूर्वी म्या एकदा चालंल म्हणलो व्हतो. कासुर्डीच्या पुढं वडापची जीप उलटली, ध्यानात हाय तुमच्या? तिचे टायर असेच घासत व्हते. म्या रिकामी फिरवली आन् सोडली. तेरा माणसं व्हती तिच्यात."

बोलता बोलता तो कुशाबाईकडं वळला.

"त्यातल्या एकीचा पाय गेला. ती बाई हितंच उभी हाय, आबा. तिला हे आज कळतंय. तुमच्या लेकीला म्या त्या जागी बसवणार न्हाई. मग शेड मोडून टाका माझं."

मग आबा म्हणाले, "स्वराज, तिथल्या कुणाची बी मोटरसायकल घे आन् मांडवात ये. सत्यजीत टेम्पोतनं चाकं घिऊन निघतोय." फोन बंद झाला. स्वराज हारवाल्याची मोटरसायकल घेऊन गेला.

कुशाबाईनं ट्रे खाली ठेवला, एकही ग्लास कुणाला न देता. टपरीत गेली, उकळता चहा मातीत ओतला, गॅस बंद केला आणि पाठ करून बाकावर बसली. महबूब दोनदा उठला आणि दोनदा बसला. काय बोलणार होता? बारा वर्षं ज्याला बोलता आलं नाही, त्याला त्या दहा पावलांत काय सुचणार?

एकच्या पुढं स्वराजचा चुलतभाऊ सत्यजीत चाकं टाकून आल्या पावली पंगतीला गेला. महबूबनं चारी चाकं बसवली, कापलेल्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी गुटके घातले. गाडी दोन बोटं वर उचलली गेली. या खेपेला त्यानं चुना बाहेरच्या कडेला लावला आणि आत, त्या पट्टीलाही लावला. तोवर स्वराज परत आला होता, फेट्यात. गाडीची उंची त्यानं बघितली आणि मान फिरवली. हारवाले बसले, इम्रान बसला. मागची डावी जागा रिकामी.

"पाना-जॅकची पेटी ठेवू भाई," इम्रान हळूच म्हणाला. "तीन वाजून गेले."

"पेटी नगं."

"मग तुम्ही बसा."

महबूबला कळत होतं की आपण बसावं. पण ती जागा आपली नाही असं त्याला वाटत होतं. टपरीकडं बघायची तर हिंमतच नव्हती.

तेवढ्यात फरशीवर पाय ओढल्याचा आवाज आला. कुशाबाई गाडीशी आली. कुणाकडं बघितलं नाही. दार उघडलं, आधी बूड टेकलं, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला.

"घे रं गाडी," ती स्वराजला म्हणाली. "जोरात घे. नवरीच्या गाडीला कोण हळू चालवतंय?"

या खेपेला महबूब रस्त्यापर्यंत गेला नाही. शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. गाडी दोन्ही गतिरोधकांवरून गेली, वळली, पुन्हा आली. काहीच वाजलं नाही. तो उताणा गाडीखाली गेला, बॅटरी लावून चारी कडा आणि दोन्ही पट्ट्या बघितल्या. चुना होता तसा होता. एकेका ठिकाणी त्यानं बोटानं खात्री केली आणि बाहेर आला.

"चालंल?" स्वराजनं विचारलं. आवाजातला ताठा गेला होता.

महबूबनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. डोळे भरून आले तेवढे सगळ्यांना दिसले.

कुशाबाई दाराला धरून उतरत होती. पाय जमिनीवर टेकवला, पदर सारखा केला आणि स्वराजकडं बघून म्हणाली, "चालंल. बसव तुझ्या ताईला."

गाडी पाटसच्या बाजूला निघून गेली. कुशाबाईनं टपरीची फळी लावली, कुलूप घातलं.

"चा उद्यापासनं," ती महबूबकडं न बघता म्हणाली. "आज न्हाई जमायचं मला." आणि पाय ओढत एसटीच्या थांब्याकडं गेली.