यष्टीतली आमदाराची शीट

आरूच्या डोक्याला साबण लावलेला होता, अर्धी धुतली, अर्धी न्हाई, अन् मशिदीच्या भोंग्यावरून काहीतरी सांगू लागले. ते उर्दूत सांगतात, मला सगळं कळत न्हाई, पण नाव कळलं, मेहबूब... अन् त्याच्या पुढं आमदार. मी तशीच उभी राहिले. लेकराच्या डोळ्यात साबण गेला, ते बोंबललं, तवा तांब्या ओतला. खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, मला पहिलं रडू न्हाई आलं. पहिलं मनात आलं की आता मला परीक्षेला कोण नेणार. वीस दिवस राहिले होते. सतरा नंबरचा फॉर्म शेजारच्या या मेहबूब चाचांनीच भरायला लावला होता, बाहेरून दहावी, अन् संगं येतो म्हणले होते. मग ओल्या लेकराला पदरात गुंडाळलं अन् शेजारी पळाले. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला म्हणल्या, "चहा घेतला, कप खाली ठेवला, अन् गेले बघ." कप तिथंच होता.

आता चाचांचा चाळीसावा दिवस झाला. पेपरातल्या ताई चाचीकडं आल्या होत्या, त्या मला म्हणल्या, तू रोज बघायचीस, तूच लिही, बोलतीस तसं लिही. म्हणून लिहून राहिले.

हदगावात आमची अन् चाचांची भिंतीला भिंत. त्यांचं घराणं पिंजाऱ्याचं, कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. तरुणपणी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव पायी हिंडायचे. ते लाकडी पिंजण अजून त्यांच्या बैठकीत खिळ्याला हाय, दुसऱ्याच्या घरी आमदारकीचा फोटो असतो तिथं. कोणत्या घरात माणसं किती अन् रजया किती हे त्यांना पाठ होतं. तर एका निवडणुकीला दोन मोठे माणसं तिकिटावरून भांडले, कोणीच मागं हटंना, अन् मग तिकीट चाचांना दिलं, हे पडणारच म्हणून. ते निवडून आले. "लोकायनं मला न्हाई, रजईला मत दिलं," असं म्हणायचे अन् सोताच हसायचे. मुंबईला आमदाराची खोली मिळती, तर त्या खोलीत इकडचे पेशंट अन् त्यांचे नातेवाईक झोपायचे अन् आमदार बाहेर, वऱ्हांड्यात, घरून नेलेल्या रजईवर. चाची एकदाच गेल्या मुंबईला. म्हणल्या, "मला वाटलं आमदाराची बायको म्हणून गादीवर बसवतील. दोन दिवस सैपाक केला बाई पंधरा माणसाचा."

त्यांची एक खोड होती. कोणी पत्र मागाया आलं, दवाखान्याचं म्हणा, तहसीलचं म्हणा, तर पत्र द्यायचे न्हाईत. चप्पल घालायचे अन् म्हणायचे, चल, बघून येऊ. मग आमदार संगं चालले, ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसले, साहेब घाबरून उठले. काम व्हायचं, पण दिवसाला एक न्हाई तर दोन. बाकीचे ओट्यावर बसून परत जायचे. माझे मालक म्हणतात, म्हणूनच चाचा पुढच्या टायमाला पडले. लोकांना हातात कागद पाहिजे असतो, अन् हा माणूस म्हणतो मी संगं येतो. चाचांना मालकांनी हे तोंडावर म्हणलं होतं. चाचा म्हणले, "हाव, बरोबर हाय तुझं. पण कागदाला बोलता येत न्हाई ना रे."

चाचा आमदार होते तवा मी कुठं होते... मी आईच्या पोटात होते. माझं माहेर लातूरकडचं, भूकंपात गेलेल्या गावातलं. लगीन होऊन हदगावला आले, चाचांनी गाव विचारलं, मी सांगितलं. मग लई दिवसांनी त्यांनी यष्टीत सांगितलं. भूकंप झाला तवा ते आमदार होते. दुसरे लोक भाकरी नेत होते, टिकाव-फावडे नेत होते, यांनी दोन ट्रक रजया भरून नेल्या, कारण यांना तेच कळतं. अन् तिथं पाऊस. चार दिवस पाऊस. कापूस भिजला की उचलंना होतो, वाळवायला जागा न्हाई, छतच न्हाईत तर जागा कुठली. लोक रजया चिखलात टाकून बसायले लागले. "माझी चूक होती बेटी," म्हणले, "पिंजाऱ्याच्या पोराला कळाया पाहिजे होतं. ताडपत्री न्यायला पाहिजे होती." मग ऊन पडलं तसं यांनी घरून पिंजण मागवलं, एकेक रजई उसवली, कापूस वाळू घातला अन् वावरात बसून पिंजायला लागले. महिनाभर. कोणीतरी पुढारी गाडीतून उतरून म्हणला, अहो तुम्ही आमदार हाय का पिंजारी? हे म्हणले, दोनी. मी आईला फोन करून विचारलं, आई म्हणली, "व्हता बाई एक मुसलमान, टिनाच्या शेडापाशी ठुंग ठुंग वाजवीत बसायचा. आमाला वाटलं येडा हाय."

आईनं त्या दिवसापासून सिमेंटच्या सलाबाखाली कधी झोप घेतली न्हाई, अजून पत्र्यातच झोपती. तेच माझ्यात उतरलं. आठवीत होते, शाळा नवी बांधलेली, वर काहीतरी गडगडलं अन् मी किंचाळत पळाले, दप्तर टाकून, पार वावरापर्यंत. पोरं-पोरी हसले. आई म्हणली, राहू दे, घरी राह. झाली माझी शाळा.

आमदारकी गेल्यावर चाचांपाशी ते यष्टीचं कारड तेवढं राहिलं. माजी आमदाराला यष्टी फुकट, संगं एक माणूस फुकट. लातूरला अन् नांदेडला क्लासेस लई वाढले, ज्याच्या-त्याच्या पोराला डॉक्टर व्हायचं, पण पोरीला एवढ्या लांब कोण पाठवतो? बाप म्हणायचे, कोणाच्या भरवशावर? तर चाचा म्हणायचे, चल, बघून येऊ. पोरीला अन् बापाला घेऊन जायचे, पोरगी कारडावर, बापाचं तिकीट बापानं काढायचं. क्लास बघायचे, हॉस्टेल बघायचे, संडासाला कडी हाय का ते सुद्धा बघायचे, अन् जिथं जागा न्हाई आवडली तिथून परत. हिमायतनगरपर्यंतच्या पोरी नेल्या. मी एकदा चाचीपुढं म्हणलं, किती पुण्याचं काम करतात चाचा. चाची गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणल्या, "करतील न्हाई तर काय. सोताच्या पोरीचं लगीन लावलं नववीत. तवा आमदार होते, येळ न्हव्हता बघून यायला." चाचा तिथंच होते. त्यांनी ऐकलं. उठून बाहेर गेले.

मला फॉर्म भरायला लावला ते अंगणवाडीच्या नोकरीसाठी. दहावी असती तर मी अर्ज केला असता, असं मी आरूला पाजता पाजता बोलले होते, बास, चाचांनी धरलं. मी म्हणलं हदगावच्या शाळेत परीक्षा न्हाई देणार, गल्ली हसंल. ते म्हणले, हसू दे, हसणारे मत देतात, मला दिलं ना. पण ऐकलं, नांदेडची शाळा घेतली. मग माझं दुसरं सुरू झालं, शाळा तीन मजल्याची, मी तीन तास कशी बसू. ते, घाबरू नको, असं कधी म्हणायचेच न्हाईत. चप्पल घातली. चल.

यष्टीत एक शीट असती, वर रंगानं लिहिलेलं असतं आमदार-खासदार. चाचा थेट तिथं जाऊन बसले, मला शेजारी बस म्हणले. मी उभीच. "उठा म्हणतील चाचा." "म्हणू दे. आमदार आला तर उठायचं. मी इतक्या वर्षापासून वाट बघून राहिलो, एक बी आला न्हाई." कंडक्टर ओळखीचा, तो म्हणला, "चाचा, आज नवी पेशंट का?" मी लाजले. नांदेड येईपर्यंत दोन तास मी त्यांच्या शर्टाची बाही धरून होते, ते त्यांनी पाहिलं पण दाखवलं न्हाई.

शाळेत गेलो, शिपायाला म्हणले लेकीला खोली दाखवायची हाय. मी बाकावर बसले. अन् वर गडगडलं... मी कशी बाहेर आले मला आठवत न्हाई, ग्राउंडवर होते, आरू घरी चाचीपाशी होती म्हणून बरं. चाचा मागं पळाले न्हाईत. जिन्यानं वर गेले. खाली आले, म्हणले, "चौदा बाकं हायत. वर कोचिंग भरते, पोरं बाकं ओढून राहिले. चल, बघून येऊ." मला हाताला धरून वर नेलं. खरंच बाकं होती. पोरं बघायले लागले. चाचा त्यांना म्हणले, "बाबांनो, एकदा पुन्हा ओढा बरं." पोरांनी ओढलं. मी खाली जाऊन बसले, त्यांनी पुन्हा ओढलं. असं तीनदा. तिसऱ्यांदा मी बाकावरच होते, डोळे मिटून, पण होते. चाचा दाराबाहेर वऱ्हांड्यात टेकून उभे होते.

पहिल्या पेपरच्या दिवशी मालकांना सुट्टी न्हव्हती. आरूला चाचींनी घेतलं. मी म्हणलं चाची, मी न्हाई जात, पुढच्या वर्षी बघू. चाचींनी माझ्या चपला उचलल्या अन् माझ्या पायापुढं ठेवल्या.

तीच खोली आली न्हाई, बाजूची आली. अर्ध्या तासानं वर ओढलं कोणीतरी. मी उठले. मॅडम म्हणल्या, काय झालं? दाराबाहेर वऱ्हांडा रिकामा होता. मी म्हणलं, बाकं हायत ना मॅडम वर? त्या म्हणल्या, मग काय असणार? मी बसले. मराठीचा पेपर होता, सगळा लिहिला, निबंध तेवढा अर्धा राहिला.

येताना यष्टीला गर्दी, उभं राहायला जागा न्हाई, अन् ती एक शीट तेवढी रिकामी. मी बसले. खिडकीपाशी न्हाई, तिथं ते बसायचे, अलीकडं बसले. कंडक्टर नवा पोरगा होता. म्हणला, "ओ ताई, वर वाचा जरा. आमदाराची शीट हाय ती."

"माहीत हाय," म्हणलं. "आमदार आला तर उठते."

हदगाव येईपर्यंत कोणी आलं न्हाई.