हँडलाचं माप

चहा जरा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. आमच्या डिचोलीच्या बिल्डिंगीत सायकल स्टँड आणला तो मी, आणि त्यात पहिला अडकला तो आमचा पाववाला पोदेर. तोही माझ्याच हातून.

दारापुढच्या त्या जागेत आमचे चेअरमन नाईककाका स्कूटर लावायचे. मी महिनाभर त्यांच्या मागे लागले होते. "काका, दोन मिनिटांसाठी आलेल्या माणसाने सायकल ठेवायची कुठे? दाराजवळ हवी, घरातून दिसायला हवी."

शेवटी काका म्हणाले, "घाल गो बाय तुझा स्टँड. पण एक जरी तक्रार आली, तर माझी स्कूटर परत थंयच."

मग काय, टेप घेऊन जमिनीवरच बसले. टायरची रुंदी दोनदा मोजली, तीनदा लिहिली. एवढ्याशा जागेत आठ खाचा बसवल्या. वेल्डर म्हणाला, "मॅडम, दाटी होईल." मी म्हटलं, "चाक बसतंय ना?" सायकलला हँडलही असतं, हे माझ्या एवढ्या शिक्षणात कुठे आलंच नव्हतं.

स्टँड लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमाराला, मी लेकीला, सईला, नाचाच्या क्लासातून घेऊन आले. पोदेराची सायकल आधीच स्टँडवर, तो वर उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, द्यायला गेलेला. मी माझी शेजारच्या खाचेत घुसवली. हँडलात हँडल, पेडलात पेडल. चोरीच्या धसक्याने मी नंबरचं कुलूप घेतलंय, पिवळ्या साखळीचं. घाईघाईत साखळी ओवली, कुलूप दाबलं आणि वर गेले.

पाच मिनिटांत खाली पोंप पोंप सुरू. थांबेचना. खाली येऊन बघते तर पोदेर भोंपू दाबतोय, भोवती अर्धी बिल्डिंग.

"म्हजी सायकल कोणें बांदून घातली? उंडे थंड जातात गो बाय. फुडल्या वाड्यार लोक वाट पळयतात."

मी लगेच पुढे. "कोण बेजबाबदार माणूस आहे हा? काका, त्याचं नाव फळ्यावर लिहा."

काका वाकले. "साखळी पिवळी आसा गो."

"आई, आपलीच आहे," सई म्हणाली.

बरं, उघडावी तर नंबर आठवेना. लग्नाची तारीख लावली. नवऱ्याच्या गाडीचा नंबर लावला. फोनचे शेवटचे चार आकडे लावले. थंड होण्यापेक्षा बरा म्हणून पोदेराने एक उंडा सईच्या हातात ठेवला.

"आई, माझा वाढदिवस लाव ना," ती उंडा खात म्हणाली.

"छे गं. तो सगळ्यांना ठाऊक. चोर पहिला तोच लावेल, म्हणून मुद्दाम नाही ठेवला."

"लावून तरी बघ," काका म्हणाले.

लावला. खट्.

"चोरांक सोंपें, आवयक कठीण," पोदेर म्हणाला. आवय म्हणजे आई, म्हणजे मीच. सगळी बिल्डिंग हसली. मी मात्र काकांच्या स्कूटरकडे बघत होते.

काकांनी मुद्दाम विचारलं, "पोदेरा, तुझी तक्रार आसा?"

पोदेराने माझ्याकडे बघितलं. "तक्रार ना. पूण हँडलाक जागो दी."

रविवारी वेल्डर परत आला. आता आठाच्या चार खाचा आहेत, दाराजवळची पहिली पोदेराची. मी कुलपाचा नंबरही बदललाय, कुणाला म्हणजे कुणालाच सुचणार नाही असा. विसरायला नको म्हणून पोदेराला सांगून ठेवलाय.