स्वेच्छेने केलेली सही

माझ्या बायकोला अमेरिकेचा व्हिसा मिळाला, ती गेली, काम करून परत आली. सगळं सुरळीत पार पडलं. या सुरळीतपणाचाच मला आजही राग येतो. कोणी आडमुठेपणा केला असता, तर निदान शिव्या द्यायला एखादा माणूस मिळाला असता.

सन दोन हजार जवळ आलं होतं. तारीख बदलली की जगभरातले जुने कॉम्प्युटर प्रोग्राम कोसळणार अशी धास्ती होती, आणि ते प्रोग्राम ज्या कोबोल भाषेत लिहिलेले होते, ती येणाऱ्यांना अचानक भाव आला होता. बायकोला कोबोल उत्तम यायचं. लग्नाआधी ती एका सहकारी संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात होती, नंतर सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. मी हडपसरच्या एका कारखान्यात. आमच्या दोन्ही घरांत विमानात बसलेलं कोणी नव्हतं, आणि कंपनी तिला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवायला निघाली होती. जागा एकच होती. महिनाअखेरपर्यंत व्हिसा झाला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल, असं तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

मुंबईत पहिल्या मुलाखतीला अधिकाऱ्याने कागद परत केले. पासपोर्टवर एक बाई होती आणि पदवीवर दुसरीच. लग्नानंतर आडनाव बदलतं एवढं त्याला माहीत होतं. पण इथे स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव, काहीच जुळत नव्हतं. ही पदवी तुमचीच कशावरून, असं त्याने विचारलं. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव मी लिहिलं होतं. ते आईने निवडलं होतं, माझ्या नावाशेजारी शोभेल असं. बायको ताटाच्या पलीकडे बसली होती, त्यामुळे तिला ते उलटं वाचावं लागलं. वाचून होईपर्यंत पेढे वाटायला सुरुवात झाली होती. तिच्या वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव त्या दुपारनंतर आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. तिला आवडेल का, हे विचारावं असं मला सुचलंही नव्हतं. मी वाईट माणूस नव्हतो, चारचौघांसारखा होतो. याचीच मला जास्त चीड येते.

ही सगळी उलथापालथ आम्ही केली ती तांदळात. लग्नाची नोंदणी केली नाही. नाव बदललं की ते राजपत्रात छापून घ्यायचं असतं, हे तर कोणाच्या गावीही नव्हतं. रेशनकार्डावर नवं नाव चढलं आणि त्याच्या आधारावर पुढे पासपोर्ट निघाला. राजपत्राची वाट पाहायला आता वेळ नव्हता. कंपनीच्या माणसाने मार्ग सांगितला: लग्न नोंदवून दाखला घ्या आणि दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा.

मी रजा टाकली आणि आम्ही धावाधाव सुरू केली. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागत होती. ते कात्रजला मुलाकडे राहायला गेलेले. मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांना मी आठवेना, पण लग्नातली जिलबी आठवली. त्यांनी सही दिली. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने आमची लग्नपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाला, "इतकी वर्षं लक्षात नव्हतं. अमेरिकेला जायचं म्हटल्यावर लग्न झाल्याचं आठवलं होय?" रांगेतले हसले. बायकोही हसली. मला हसू आलं नाही.

दाखला मिळाला. शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर एका वकिलांकडे प्रतिज्ञापत्राचा मजकूर तयारच असायचा, टायपिस्ट फक्त नावं भरायचा. बायकोने तो कागद उभ्यानेच वाचला आणि टेबलावर ठेवला.

"यातलं 'स्वेच्छेने' काढा," ती म्हणाली.

मजकूर असा होता: विवाहानंतर मी माझे नाव स्वेच्छेने बदलले आहे. वकील समजुतीने बोलले. म्हणाले, बाई, सगळ्याजणी याच्यावर सही करतात. शब्द काढला तर व्हिसाचे साहेब विचारणार, मग कोणाच्या इच्छेने बदललं? नसती भानगड होऊन बसेल.

"विचारू दे. मी सांगेन."

मी तिला बाजूला घेतलं. महिनाअखेर तोंडावर आली होती. मुलाखतीची पुढची वेळ ठरली होती. एवढी वर्षं तू काही बोलली नाहीस आणि आज एका शब्दासाठी सगळ्यावर पाणी सोडतेस, असं मी दबक्या आवाजात तिला सुनावलं.

"अहो, तुम्हीच सांगा. मला कोणी विचारलं होतं का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. वकिलांच्या टेबलापासून आम्ही दोन पावलांवर होतो, टायपिस्ट ऐकत होता. मी म्हणालो, "आत्ता तो विषय काढू नकोस. सही कर, मग घरी जाऊन काय भांडायचं ते भांड."

तिने सही केली. वकिलांनी दोन्ही नावांनी करायला सांगितली. जुनी सही करताना तिचा हात अडखळला, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर एकदा गिरवून बघायला लावली. स्वतःची सही गिरवणारी माझी बायको, आणि शेजारी पेनाचं टोपण हातात धरून उभा असलेला मी.

दुसऱ्या मुलाखतीला मी बाहेर फुटपाथवर थांबलो. ती बाहेर आली तेव्हा व्हिसा मंजूर झाला होता. तिथे काय झालं ते तिने परतीच्या एसटीत सांगितलं. अधिकाऱ्याने कोबोलबद्दल थोडं विचारलं, मग प्रतिज्ञापत्र हातात घेऊन सहज, कुतूहलाने विचारलं, की स्वतःचं नाव का बदलावंसं वाटलं?

"मग?"

"सांगितलं, नवं नाव आवडलं म्हणून. तो म्हणाला, छान आहे नाव." ती खिडकीबाहेर बघू लागली. "दुसरं काय सांगणार होते? लिहून दिलंच होतं."

मला संताप आला. त्या अधिकाऱ्याचा आला, वकिलांचा आला, गेलेल्या आईचा आला. लोणावळ्याला गाडी थांबली. ती खाली उतरली आणि माझ्यासाठीही चहा घेऊन आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "मिळाला ना व्हिसा? मग तोंड कशाला पाडताय? पुरे आता."

म्हणजे समजूत तीच माझी काढत होती. रागवायचं होतं तिने, आणि रागावून मी बसलो होतो. हक्क तिचा, तोही मीच घेतला होता. गाडी सुटेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. घरी जाऊन भांड असं मी तिला म्हणालो होतो. ती भांडली नाही. त्या रात्री तिने बॅग खाली काढली आणि तिकडे थंडी किती असते, हे मला विचारत बसली, जणू मला ते माहीत असणार होतं.