दुसरी चूल

एकत्र कुटुंबाचे गोडवे माझ्यासमोर गाऊ नका. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि काकू दिवसातून दहादा भांडायच्या. भाजीत मीठ कोणी जास्त घातलं, पाटा न धुता कोणी ठेवला, काहीही पुरायचं. पण ते भांडण त्यांचं होतं. पुरुषांनी त्यात तोंड घातलेलं दोघींना खपत नसे.

मी सातवीत असताना वडिलांचं आणि काकाचं बिनसलं. कारण काय, तर रेडिओ! काका सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येई आणि नेमक्या त्याच वेळी वडील मोठ्याने बातम्या लावत. एका सकाळी काकाने रेडिओ बंद केला, वडील नको ते बोलले आणि काका गरजला, "बस्स! आजपासून आमची चूल वेगळी."

मी काकूच्या कुशीत झोपून वाढलेली. चूल वेगळी झाली की मधे भिंत येते, एवढं मला कळत होतं. मी ओरडले, रडले. पण मला कोण विचारतंय!

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घाला की भाऊजी. माती परसात आहे."

आमच्याकडे चूल बायकाच घालतात. काका काकूकडे बघायला लागला. काकू दिंडोरीकडची, तोंडाची फटकळ. "माझ्याकडं काय बघता? मी नाय घालणार. लय हौस ना, घाला तुम्हीच."

"कारखान्यात यंत्रं चालवतो मी," काका म्हणाला. "चूल काय चीज आहे!"

त्याने माती कालवली. त्यात ना भुसा, ना राख, नुसता चिखल. दोघी जावा दारात शेंगा सोलत मजा बघत बसल्या. चूल वाळता वाळता तडकली. काकाने हट्टाने लिंपली, जाळ घातला, तर निम्मी ढासळली आणि परसभर धूर. वडील फिदीफिदी हसले.

आई त्यांच्यावरच उखडली. "हसता काय? तुम्ही तरी कुठे त्यांना नको म्हणालात?"

काकूने घरातल्या जुन्या चुलीपुढे दोन पाट शेजारी शेजारी मांडले. "बसा. बोलायचं नसंल तर बोलू नका, जेवा."

"घर आमचं आहे. आमचं आम्ही वाटू," काका पुटपुटला.

काकूने त्या चुलीकडे बोट केलं. "घर वाटा, भांडी वाटा. ही चूल आम्ही दोघींनी घातलीय. ती कोणाच्या बापाला वाटता यायची नाय!"

दोघे भाऊ पाटांवर बसले, एकमेकांकडे पाठ करून. आमच्याकडे पुरुषांच्या पंगतीत पोरी बसत नसत. गेली ती रीत खड्ड्यात! मी माझं ताट उचललं आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"सरका," म्हटलं.

दोघेही सरकले.