डबल बेलशिवाय कपाट उचलू नये

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर मधेच तुम्हाला हसू फुटेल आणि माझ्या दुःखावर हसता हसता चहा सांडेल माझ्याच सतरंजीवर. ती सतरंजी मनीषानं पारोळ्याच्या बाजारातून आणलीय, आणि घरात माझी पत आधीच उरलेली नाही.

मनीषा म्हणजे माझी बायको. एसटीत कंडक्टर आहे. जळगाव-धुळे गाडीवर. सकाळी निघायचं, एरंडोल-पारोळा करत धुळ्याला पोचायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. दिवसभर गर्दीत उभी, वर लोकांच्या सुट्ट्या पैशांच्या कटकटी. घरी येते तेव्हा तिच्यात बोलायचं त्राण नसतं. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मीपण दिवसभर लोकांच्या फुटक्या काचा बघून आंबलेला असतो. मग घरी आलो की मी काय करायचो? कानाला हेडफोन लावायचा, टीव्हीला गेमचा डबा जोडायचा आणि मांडी घालून बसायचं. कॉलेजपासूनची सवय आहे. मनीषा तिला सवय म्हणत नाही, पण ते जाऊ द्या.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका सुट्टीच्या संध्याकाळी तिनं माझ्या कानावरचा हेडफोन अलगद उचलला आणि म्हणाली, “सुट्टीच्या दिवशी तरी आपण दोघांनी मिळून काहीतरी करायचं. नाहीतर मी सुट्टीलापण जादा ड्यूटी मागून घेते. तिथं निदान ड्रायव्हर बोलतो तरी.”

ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. कंडक्टरबाई ओरडतात तो रोजचा भाग आहे. पण ही शांतपणे बोलली. शांत कंडक्टर म्हणजे पुढच्या स्टॉपवर तुम्हाला उतरवणार, हे पक्कं समजा.

आता शहाणा माणूस काय करेल? बायकोला तलावावर फिरायला नेईल. शेवभाजी खायला नेईल. निदान शेजारी बसून दिवस कसा गेला ते विचारेल. मी काय केलं असेल? मी म्हटलं, मिळूनच करायचंय ना? मग गेम मिळून खेळू! डबा तोच, टीव्ही तोच, माझी जागा तीच. फक्त शेजारी बायको. अशी अक्कल देव सगळ्यांना देत नाही.

लगेच दिनेशला फोन लावला. दिनेश माझा दोस्त, गेमची सीडी, रिमोट असलं विकतो. त्याला म्हटलं, बायकोला जमेल असा एखादा सोपा गेम सांग.

दिनेशनं पहिला दिला तो मुडद्यांचा. म्हणजे मुडदे उठतात, घरावर चाल करून येतात, आणि दोघांनी पाठीला पाठ लावून त्यांना गोळ्या घालायच्या. दार फुटलं, मुडद्यांचा लोंढा आत घुसला. मी धडाधड गोळ्या झाडतोय. मनीषा दाराजवळ उभी. मी ओरडलो, अगं मार ना! तर ती म्हणते, एवढी गर्दी एकदम आत कशी घेतली? आधी आतल्यांना उतरू द्यायला नको? एका मिनिटात आम्ही दोघंही वर पोचलो.

दुसरा गेम स्वयंपाकाचा. दोघांनी मिळून हॉटेल चालवायचं. हा तर तिला जमणारच, असं मला वाटलं. का वाटलं? आता विचारू नका. तिनं पाच मिनिटं पडद्यावर कांदा चिरला, मग रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, की दिवसभर गाडीत उभी मी, घरात भाकरी थापली मी, भांडी घासली मी, आता टीव्हीतपण कांदा मीच चिरायचा का? मी गेम बंद केला. उत्तर अजून शोधतोय. तुम्हाला सुचलं तर सांगा.

मग आला हमालांचा गेम. हा खरा माझा काळ. दोन हमाल, एक घर, बाहेर टेम्पो उभा. घरातलं सामान टेम्पोत भरायचं. जड सामान दोघांनी दोन टोकांना धरून एकदम उचलायचं. पहिलंच सामान आरशाचं कपाट, आणि तेही वरच्या मजल्यावरून जिन्यानं खाली आणायचं.

मनीषानं कपाटाचं मागचं टोक धरलं आणि विचारलं, “निघायचं का?”

मी तोवर निघालेला होतो. कपाट तिरपं झालं, जिन्यावरून गडगडलं, आरशाचा चुरा. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिचं तेच, निघायचं का? मी मनात म्हणायचो, अगं निघायचं का म्हणून काय विचारतेस, गेम चालू आहे, घड्याळ पळतंय! तोंडानं मात्र काही बोलायचो नाही, कारण सगळं लक्ष पडद्यावर. आणि आरसा फुटायचा. त्या संध्याकाळी मी इतके आरसे फोडले की साडेसाती असलीच तर ती पुढच्या जन्मालासुद्धा पुरेल.

माझी खात्री पटली. हिची बोटं चालत नाहीत. मग मी तिच्या रिमोटवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे उचल, हिरवी म्हणजे सोड. तिच्याच डबीतल्या टिकल्या होत्या त्या, हेही नंतर ऐकून घ्यावं लागलं. तिला शिकवणी दिली. उजवा अंगठा असा, डावा असा, इकडेतिकडे बघायचं नाही, सरळ पळायचं. ती मुकाट ऐकायची. खेळायला बसलं की पुन्हा, निघायचं का?

शेवटी पुन्हा दिनेशला साकडं घातलं. त्यानं बदकांचा गेम दिला. दोन पिवळी बदकं तळ्यावरून घरी जातात, बस्स. म्हणाला, तीन वर्षांच्या पोरालाही जमतो. मनीषानं त्या बदकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रिमोट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “तुम्ही खेळा. मी बघते.”

आणि बघता बघता तिथंच हातावर डोकं टेकून झोपली. दोन बदकं तळ्यावर उभी, एक चालतंय, एक नुसतंच थांबलंय. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला रडू यायचं बाकी होतं. मला वाटलं, गेली ही. आता जादा ड्यूटी, सुट्टीलापण ड्यूटी. घरात मी आणि एक पिवळं बदक.

आता ऐका, खरा घोळ इथून पुढं आहे.

त्याच आठवड्यात मला दुकानाचं सामान आणायला धुळ्याला जायचं होतं. मनीषाच्याच गाडीत बसलो. तिनं मला मशीनमधून रीतसर तिकीट काढून दिलं आणि जागा नव्हती, तर मागं बसलेल्या म्हातारीला उठवू नका, असं बजावून उभं ठेवलं. ड्रायव्हर होते नाना. नाना तिच्या माहेरच्या बाजूचे, पारोळ्याजवळचे. तिला लेक मानतात, म्हणून मी त्यांचा जवाई.

गाडी खचाखच भरलेली. मनीषा गर्दीतून सरकतेय, एका हातात मशीन, बोटांच्या बेचक्यात नोटा, कोपरानं दांडा धरलेला. कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरणार, कुणाचे सुट्टे द्यायचे राहिलेत, सगळं डोक्यात. हे मी डोळ्यांनी बघत होतो. आणि बघूनसुद्धा पारोळा स्टँडवर चहा पिताना मी नानांना म्हणालो की, नाना, हिला डोळ्यानं बघायचं आणि हातानं दाबायचं एका वेळी जमतच नाही हो. काही इलाज आहे का?

नानांनी कप खाली ठेवला. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “जवाई, तिनी घंटी नही वाजनी तं मनी गाडी हालत नही. मांगे देखानी मले गरजच पडत नही.”

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं मागं न बघता गाडी चालवतोय! पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत मी देवाचं नाव घेत गेलो. उतरताना नाना म्हणाले, तो गेम मले एकदाव दखाडा. मी म्हटलं, बघायला या की, सुट्टीच्या दिवशी भरीत करतो. मला वाटलं, चला, साक्षीदार मिळाला. नाना स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि मनीषाला समजावतील. माणसाला वेळ कशी भुलवते बघा.

नाना आले. वांगी मी भाजली, पुऱ्या मनीषानं तळल्या. जेवणं झाल्यावर मी हमालांचा गेम लावला, नानांच्या हातात माझा रिमोट दिला आणि बडीशेप चघळत मागं उभा राहिलो. नानांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. चष्मा पुसून घातला आणि विचारलं, गाडी कोनती?

मनीषानं कपाटाचं मागचं टोक धरलं. शेजारचा चमचा उचलला आणि ताटावर वाजवला. टण टण.

कपाट उठलं.

मी हसायच्या बेतात होतो, तो चघळता चघळता थांबलो. कपाट जिन्यापाशी आलं. टण. नाना थांबले. टण टण. नाना निघाले. जिन्याच्या वळणावर मनीषा फक्त म्हणत होती, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, येऊ द्या... बस. नाना मागं बघायच्या भानगडीतच पडले नाहीत. कपाट टेम्पोत गेलं आणि आरशाला ओरखडासुद्धा नाही. मग पलंग गेला, मग फ्रिज गेला. पडद्यावर तीन चांदण्या आल्या. इतके दिवस खेळून मला कधी अर्धीसुद्धा आली नव्हती.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, नशीब! आणि मनीषाच्या हातातून रिमोट घेतला. म्हटलं, नाना, आता माझ्यासोबत खेळा, मग बघा वेग.

कपाट उचललं, पळालो. नाना अजून चष्मा सारत होते. आरसा फुटला. पुन्हा केलं, पुन्हा फुटला. तिसऱ्या वेळी कपाट मी एकट्यानंच इतक्या जोरात ओढलं की नानांचा हमाल जिन्यावरून खाली पडला. नानांनी रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला.

“जवाई, तुम्ही कोनलेच इचारत नही, निंघी जातस. मी ते दारातच ऱ्हाई जास.”

माझ्या तोंडात बडीशेप तशीच राहिली. नाना गेल्यावर ती ताटं विसळत होती, मी पुसत होतो. पाठमोरीच म्हणाली, “तुम्हाला वाटतं मला पळता येत नाही. मी थांबलेली असते हो. मी चढायच्या आत तुम्ही निघालेले असता. गेममध्ये काय आणि घरात काय.”

मला फार लाज वाटली. दोन वर्षं ही बाई रोज दारात उभी राहून मला विचारत होती, निघायचं का, आणि मी तिच्या रिमोटला टिकल्या लावत बसलो होतो. मी विचारलं, मग ती जादा ड्यूटी? ती म्हणाली, बघू. येत्या सुट्टीला बेल मी देणार. बेल झाल्याशिवाय हललात, तर पुढच्या सुट्टीला ड्यूटी मागून घेते.

तर गेल्या सुट्टीची संध्याकाळ. मी मांडी घालून बसलोय, हेडफोन कपाटात, म्हणजे खऱ्या कपाटात. पडद्यावरच्या कपाटाचं पुढचं टोक माझ्या हमालानं धरलंय. माझे दोन्ही अंगठे हवेत. मनीषाच्या हातात चमचा आहे, पण तेवढ्यात तिनं फोन लावला. स्पीकरवर. पलीकडे दिनेश.

“भाऊजी, एखादा सोपा गेम सांगा ना, यांना जमेल असा. छे, मला कुठलाही चालतो हो. यांचंच जरा अडतंय. हो, शिकतायत हळूहळू.”

दिनेशनं जरा विचार केला आणि म्हणाला, वहिनी, तो बदकांचा आहे ना घरात, त्याच्यापासून सुरुवात करा. तीन वर्षांच्या पोरालाही जमतो.

मला खूप काही बोलायचं होतं. पण बोललो नाही. बोलणार कसा? बेल कुठं झाली होती?