भंडारदऱ्याची बोट

दुष्काळात जामखेडच्या विहिरी आटल्या, तेव्हा भंडारदऱ्याला जाऊन मनसोक्त बोटीत हिंडायचं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं. एसटी बदलत, धूळ खात पोहोचलो, तर तिथलंही पाणी पार खाली गेलेलं आणि बोट चिखलात कलंडलेली.

"परवापर्यंत चालत हुती," नावाडी म्हणाला. "आता न्हाई हलायची."

माझं डोकंच फिरलं. बेत आखणाऱ्या मित्रावर मी ओरडलो, "आधी चौकशी करायला काय झालं होतं तुला?"

तो पायजमा वर खोचून चिखल तुडवत गेला आणि बोटीत चढून बसला.

"या रे," तो म्हणाला, "इथंच जेवू."

दुसरा मित्र हसत त्याच्यामागे गेला. मी मात्र काठावरच रागारागाने भाकरी चावत बसलो.